येसूची सोयरीक

सासूबाईंसमोर जावयानं शक्यतो तोंड उघडू नये, आणि उघडलंच तर त्यात शेळी आणू नये. एवढी साधी गोष्ट रंगरावांना वेळेवर कळली असती, तर थेरगावात त्यांची जी शोभा झाली ती झाली नसती.

दिवाळी नुकतीच सरली होती. पिंपरीच्या नव्या कारखान्यात रंगराव स्टोअरमध्ये कारकून होते आणि थेरगावात कोंडीराम शेतकऱ्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड करून राहत होते. लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि आता कुसुमताईंना दिवस गेले होते. दुसरा महिना चालू होता. बातमी वाईला पोचल्याबरोबर सासूबाई, म्हणजे यशोदाबाई, सांडग्यांचा डबा घेऊन हजर झाल्या. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, पाण्याचा हंडा पाहिला, गवळ्यानं घातलेलं दूध बोटानं ढवळून पाहिलं आणि ते बोट पदराला पुसलं.

"सातवा संपायच्या आत कुसुमला मी वाईला नेणार," त्या म्हणाल्या. "आठव्यात प्रवास करायचा नसतो. आणि इथे ठेवू कुणाच्या भरवशावर? या पाण्याच्या?"

गवळ्याची बाजू घेण्यात अर्थ नव्हता. कारखाना आला तशी माणसं वाढली, म्हशी काही वाढल्या नाहीत. तेव्हा माणसांच्या हिशेबानं दूध वाढवायला विहिरीखेरीज गवळ्याजवळ दुसरा मार्ग तरी काय होता?

पण वाईला म्हणजे बाळंतपण धरून निदान पाच-सहा महिने! रंगरावांनी बोटं मोजली. मागच्या साली कुसुमताई भावाच्या लग्नाला पंधरवडाभर गेल्या होत्या, तर हा गृहस्थ रोज करपलेलं पिठलं खाऊन संध्याकाळी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत बसे. घड्याळ निदान टकटक तरी करायचं. बायकोशिवाय करमत नाही, हे सासूला सांगायची सोय नसते. म्हणून ते ताठ बसून म्हणाले, "दुधाची काळजी नको. मी शेळी घेतोय."

"कसली शेळी?"

"गावठीच. पण शास्त्रीय पद्धतीनं."

यशोदाबाई हसल्या. हसू वाईट नव्हतं, पण जावयाला झोंबेल इतपत होतं. "जावईबापू, तुमच्या हातून तुळस जगली नाही. बरं, माझा शब्द ऐका. सातवा संपायच्या आत शेळी व्याली आणि दारात दूध दिसलं, तर बाळंतपण इथंच. मी स्वतः येऊन राहीन. नाही तर मुलगी वाईला."

"ठरलं!" रंगराव म्हणाले. कुसुमताई खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण तेवढ्यापुरता त्यांचा हात थांबला होता.

दुसऱ्याच आठवड्यात रंगराव कोंडीरामाला घेऊन चाकणच्या बाजाराला गेले. काळीभोर, तुकतुकीत, शहाण्या चेहऱ्याची एक शेळी त्यांनी हेरली. विकणारा म्हणाला, "दोन महिन्यांची गाभण हाय सायेब. पोटाला हात लावून बघा." रंगरावांनी हात लावला. हाताला पोट लागलं. त्यांचं समाधान झालं. "नाव येसू," तो म्हणाला, "हाक मारली की पळत येतीया."

रंगरावांचा चेहरा पडला. सासूबाईंना वाईत सगळं गाव येसूकाकी म्हणे. पण शेळी दुसऱ्या कुठल्याच नावाला मान वळवीना. शेवटी सासूबाई येतील तेव्हा तिला नुसतं 'अगं ए' म्हणायचं असं ठरलं.

परतीच्या वाटेवर कांद्याच्या गाडीत बसल्यावर कोंडीरामानं तोंड उघडलं. "गाभण काय दिसंना मला."

"मग तिथे का नाही बोललात?"

"तुमचा सौदा, सायेब. आपन कशाला मधी तोंड घालावं?"

रंगरावांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांच्या खिशात विकास खात्याची शेळीपालनाची पुस्तिका होती आणि ती त्यांनी दोनदा वाचली होती. तिच्यातलं एक वाक्य त्यांना फार आवडे: 'गावठी शेळ्यांची पैदास बेशिस्त असते.' बेशिस्त! स्टोअरमधला खिळा न खिळा जागच्या जागी ठेवणाऱ्या माणसाला हा शब्द असा काही भिडला की तो दिवसातून दहा वेळा त्यांच्या तोंडी येऊ लागला.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सकाळपासून येसूनं जो टाहो फोडला, तो थांबेचना. शेपूट हलवी, दोराला हिसके देई, चारा हुंगून सोडी आणि गल्लीकडे तोंड करून ओरडे. रंगराव घाबरले. पोटात दुखत असणार म्हणून त्यांनी ओव्याचं पाणी पाजलं. ते तिनं त्यांच्याच सदऱ्यावर परत केलं. कुसुमताईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. येसू मोहऱ्या खाऊन पुन्हा ओरडू लागली. कोंडीरामाची बायको कुशाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

शेवटी कोंडीराम गोठ्यातून आला. कुसुमताई समोर उभ्या, त्यामुळे बिचाऱ्याला शब्द सापडेना. "सायेब, दुखत-बिखत काय न्हाई तिला. तिला आता... सोयरीक पायजे."

"सोयरीक?"

"माजावर आलीया. गाभण हाय म्हनं! गाभण असती तर कशाला वरडली असती?"

रंगराव मटकन ओट्यावर बसले. सातवा संपायला आता पाच महिने आणि वर जेमतेम चार दिवस. आणि शेळीला व्यायला लागतात पाच महिने. पुस्तिकेत लिहिलं होतं, कोंडीरामालाही माहीत होतं, आणि एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

"त्यात काय हाय?" कोंडीराम म्हणाला. "सोडा तिला. देवीचा बोकड हाय की गल्लीत."

"तो?" रंगराव ताडकन उठले. "माझ्या शेळीला तो?"

या बोकडाबद्दल थोडं सांगायलाच हवं. पूर्वी कधी गावात पटकी आली होती. ती ओसरली तेव्हा थेरगावकरांनी मरीआईला बोकड सोडला. तो म्हातारा झाला की त्याच्या जागी दुसरा, असं चालत आलेलं. देवीचा बोकड बांधायचा नाही, मारायचा नाही, हाकलायचाही नाही. सगळा गाव त्याचा गोठा. सध्याचा बोकड काळाकुट्ट, उजवा कान तेवढा पांढराशुभ्र, आणि कपाळावर नाम ओढावा तसा पांढरा पट्टा. वासानं तो दिसायच्या आधी कळे. बिऱ्हाड केल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं ओट्यावरच्या खुंटीवरची रंगरावांची नवी काळी टोपी अर्धी खाल्ली होती. रंगराव उरलेली अर्धी टोपी घेऊन गावच्या पंचांकडे गेले, तर पंचांनी हात जोडले. "भाग्यवान हाय तुमी. आईनं तुमची टोपी मागून घेतली." वर एका म्हातारीनं त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. उघड्या डोक्यानं आणि पिवळ्या कपाळानं रंगराव कामावर गेले, तेव्हा हेडक्लार्क बबनरावांनी स्टोअरभर फिरून सगळ्यांना बोलावून आणलं होतं. ती अर्धी टोपी रंगरावांनी पुरावा म्हणून ट्रंकेत जपून ठेवली होती.

"त्या बेशिस्त प्राण्याचं पिल्लू माझ्या दारात नको!" ते कडाडले. "तळेगावला सरकारी बोकड आहे. सुरती. पांढरा. शास्त्रीय!"

कामावर रजा टाकून ते तातडीनं सायकलवरून तळेगावला निघाले. जाताना कुसुमताईंना बजावून गेले, "दोर सोडायचा नाही. काही झालं तरी."

तळेगावच्या त्या कचेरीत खुर्ची होती, खुर्चीवरचा माणूस जेवायला गेला होता. तो आला तेव्हा त्याला कळलं की रंगराव नोकरदार आहेत. "बोकड शेतकऱ्यांसाठी आहे," तो म्हणाला.

"शेळी माझी आहे हो!"

"शेळी असेल. जमीन आहे का?"

खूप हुज्जत झाल्यावर असं ठरलं की शेळी कोंडीरामाच्या नावावर दाखवायची आणि रंगरावांनी तिला घेऊन यायचं, शेळीचा राखणदार म्हणून. मॅट्रिकला संस्कृतात पहिला आलेला माणूस राखणदार! पण बायकोसाठी माणूस काय काय गिळतो. त्यांनी तेही गिळलं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या कंडक्टरनं शेळीला चढू दिलं नाही. "शिंगं असलेलं पॅसेंजर घेत न्हाई," तो म्हणाला. मग भुश्याच्या ट्रकमधून जाणं झालं. रंगराव तळेगावात उतरले तेव्हा ते स्वतःच सुरती बोकडासारखे पांढरे दिसत होते. आणि येसू? कालपर्यंत गाव डोक्यावर घेणारी येसू अगदी गप्प. बादशहा नावाचा तो सरकारी बोकड दिमाखात पुढे आला, तर तिनं त्याला अशी ढुशी दिली की बादशहा राखणदार सोनबाच्या मागे जाऊन लपला.

"हिचा माज उतारलाय," सोनबा म्हणाला. "आता तीन आठवड्यांनी आना."

तीन आठवडे! ते तीन आठवडे रंगरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. येसू माजावर यावी म्हणून जो भेटेल तो सल्ला देई. कुणी सांगितलं लसूण घाला, कुणी म्हणालं मेथ्या भिजवून घाला. बबनरावांनी तर गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की तिला संध्याकाळी गाणी ऐकवा. रंगरावांनी एक नाट्यपदही म्हणून पाहिलं. शेजारच्या आळीतली दोन कुत्री आली, येसू ढिम्म. कुसुमताई मात्र लसणाची टोपली पुढे केली की म्हणत, "ठेवा, मी घालते," आणि तो लसूण दुसऱ्या दिवशी आमटीत सापडे.

तीन आठवडे सरले तरी येसू ओरडेना. अखेर एका सकाळी तिच्या पायावर हंडा निसटला आणि ती एकदाच 'बें' म्हणाली. "आली! आली!" म्हणत रंगरावांनी तिला उचललं, भुश्याचा ट्रक गाठला आणि तळेगावला नेलं. बादशहानं तिला लांबूनच ओळखलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दुपारपर्यंत त्यानं काही मान वळवली नाही. सोनबाला घरी जायचं होतं. रंगराव चहा पिऊन येतात तोच त्यानं शेळीचा दोर त्यांच्या हातात दिला. "झालं सायेब. तुमी चहाला गेलता तवाच झालं."

"नक्की?"

"सरकारी काम हाय. खोटं कसं सांगू?"

रंगरावांना आभाळ ठेंगणं झालं. कारखान्यात त्यांनी पेढे वाटले. बबनरावांना ऐकू जाईल अशा बेतानं ते सगळ्यांना सांगत, "सुरती. पांढरीशुभ्र पिल्लं होतील." आणि पुढे खरंच येसूचं पोट दिसू लागलं! रंगराव रोज संध्याकाळी कंदील धरून ते पोट बघत आणि शेजारी कुसुमताईंचंही, आणि दोन्हींच्या वाढीवर खूश होत.

एकच पंचाईत होती. तळेगावच्या त्या दिवसापासून पाच महिने मोजले की उत्तर सातवा संपल्यावर तीन आठवड्यांनी येई. रंगरावांनी पुढून मोजलं, मागून मोजलं. मग त्यांनी वाईला स्टोअरच्या भाषेत पत्र घातलं, 'माल मार्गस्थ असून पोचण्यास किंचित विलंब संभवतो, तरी मुदतवाढ मिळावी.' यशोदाबाईंचं उत्तर एका ओळीचं होतं. 'सोमवारी येते, मंगळवारी निघू, कुसुमचं सामान बांधून ठेवा.'

त्या आल्या. चैत्राचं ऊन तापलं होतं, सातवा संपायला दोन दिवस उरले होते. येसूच्या पोटाकडे बघून त्या म्हणाल्या, "आहे खरी गाभण. पण शब्द म्हणजे शब्द." त्या दिवशी रंगराव जेवले नाहीत.

मंगळवारी सकाळी टांगा दारात आला. आणि एरवी घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या कुसुमताईंचं त्या दिवशी काही केल्या आवरेना. आधी चप्पल सापडेना. ती सापडली तर मंगळसूत्राची वाटी उलटी झाली. ती सुलट केली तर मरीआईची ओटी भरायची राहिली होती. ओटी भरून आल्या तर लोणच्याची बरणी बांधायची राहिली होती. मधूनमधून त्या उगीचच मागच्या दारी जाऊन येसूकडे बघून येत. टांगेवाला कावला, यशोदाबाई कावल्या. रंगरावांना मात्र प्रत्येक उशीर गोड वाटत होता आणि जिवाला घोरही लागत होता. जायचंच आहे तर ही जात का नाही? आता रडायलाच येईल की हो!

शेवटी ट्रंक टांग्यात चढली. कुसुमताईंनी पाय पायरीवर ठेवला, आणि मागच्या दारातून कुशाबाईचा आवाज आला, "ताई! सुरू झालं बगा! पानमोट फुटली!"

कुसुमताई पायरीवरून उतरल्या आणि त्या अवस्थेत जितकं धावता येतं तितक्या धावल्या.

"शक्य नाही!" रंगराव ओरडले. "अजून तीन आठवडे आहेत!"

"ते शेळीला सांगा," कोंडीराम म्हणाला.

मागच्या अंगणात येसू आडवी पडून कण्हत होती. कुशाबाई तिच्या डोक्याशी बसली होती. पिल्लाचा एकच पाय बाहेर दिसत होता, दुसरा आत मुडपला होता. कोंडीराम म्हणाला वाट बघू, टांगेवाला म्हणाला ओढा, रंगराव पुस्तिकेची पानं उलटत होते आणि पाहिजे ते पान मिळत नव्हतं.

"सरका सगळे!" यशोदाबाईंनी पदर खोचला. वाईत निम्म्या आळीची बाळंतपणं त्यांच्या हातची. त्यांनी हात धुतले, तेल लावलं आणि येसूच्या मागे बैठक मारली. "कुसुम, तू लांब उभी राहा. जावईबापू, ते पुस्तक ठेवा आणि गरम पाणी आणा."

कुशाबाई येसूच्या मानेवरून हात फिरवत ओरडली, "कर जोर येसू! कळ सोस गं माझी बाय! अगं येसू, असं काय करतीस?"

यशोदाबाईंनी मान वर केली. "मला काय सांगतेस? तिला सांग!"

"तिलाच सांगतीया. तिचंच नाव येसू हाय."

गरम पाण्याचं भांडं घेऊन आलेले रंगराव जागच्या जागी थिजले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

यशोदाबाईंनी जावयाकडे एकदा पाहिलं, मग शेळीकडे पाहिलं. "मग ऐकलंस ना गं येसू?" त्या म्हणाल्या. "नावाला बट्टा लावू नकोस. कर जोर!"

त्यांनी मुडपलेला पाय हळूच सरळ केला, कळ आली तसं ओढलं आणि पिल्लू बाहेर आलं. पाठोपाठ दुसरं! ते हलेना. यशोदाबाईंनी त्याचं नाकतोंड पुसलं, पाठ खसाखसा चोळली, त्याला उलटं धरून झटकलं. कुणी श्वास घेत नव्हतं, टांगेवालासुद्धा. आणि मग ते शिंकलं.

"जुळी!" कोंडीराम नाचायलाच लागला. "जुळी झाली, सायेब!"

रंगराव धावत पुढे झाले. पांढरीशुभ्र पिल्लं बघायला ते वाकले आणि तसेच राहिले. पिल्लं काळीकुट्ट होती. दोघांचेही उजवे कान पांढरे. दोघांच्याही कपाळावर नाम ओढल्यासारखा पांढरा पट्टा.

"बाप कोण यांचा?" यशोदाबाईंनी विचारलं.

"सरकारी," रंगराव क्षीण आवाजात म्हणाले. "सुरती."

कुशाबाई वळून चुलीकडे गेली, कोंडीराम आभाळाकडे बघू लागला. नेमका तेव्हाच एक ओळखीचा वास अंगणात आला. गल्लीच्या तोंडाशी देवीचा बोकड उभा होता आणि टांग्याच्या घोड्याचा चारा निवांत खात होता.

"कुणाची का असेनात," यशोदाबाई हात धूत म्हणाल्या. "टांगेवाले, ट्रंक आत आणा. मी कुठे जात नाही आता. आणि कुशाबाई, बाजरी शिजत घाल, गूळ घालून. माझ्या येसूला दे."

रंगराव स्वयंपाकघरात गेले. कुसुमताई लोणच्याची बरणी परत फडताळात ठेवत होत्या.

"अगं," ते म्हणाले, "मी दोर सोडायचा नाही म्हणून सांगून गेलो होतो."

"हो."

"मग?"

"तुम्ही सायकलवर बसलात आणि मी सोडला. कुशाबाई होत्या सोबत. तुम्ही तळेगावहून इतके खूश होऊन आलात, मग सांगायला जीभ रेटेना." त्यांनी बरणी नीट सरकवली, पुन्हा सरकवली. मग वळल्या. डोळे भरून आले होते. "मला नव्हतं जायचं हो. आईसमोर कसं बोलू? तुम्ही सरकारी बोकड शोधत बसला असता आणि मी वाईला जाऊन बसले असते. मला तुम्हाला सोडून नव्हतं जायचं."

तीन वर्षांत असं कधी कुणी कुणाला म्हटलं नव्हतं, ना रंगरावांनी, ना कुसुमताईंनी. बाहेर सासूबाई मोठमोठ्यानं येसूचं कौतुक करत होत्या, त्यामुळे त्यांना बायकोचा हात तेवढा धरता आला.

मग ते खोलीत गेले. टांग्यातून परत आलेली ट्रंक त्यांनी उघडली, तळाशी हात घातला आणि कागदात गुंडाळलेली ती अर्धी टोपी बाहेर काढली. गल्लीत जाऊन बोकडासमोर उभे राहिले. बोकडानं त्यांना ओळखलं असावं, कारण तो एक पाऊल मागे सरला.

"घ्या," रंगराव म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या प्राण्याला त्यांनी अहो-जाहो केलं. "राहिली होती."

बोकडानं टोपी हुंगली, रंगरावांकडे एकदा पाहिलं आणि उरलेली अर्धीही सावकाश खाऊन टाकली.